भूल सक्तीची झाली. पण कोणती आणि कोणाच्या हातून?

- प्रतिनिधी

मनोरुग्णाला भूल न देता विजेचे झटके देण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९५ याबाबत निःसंदिग्ध आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांच्याविना हा उपचार करता येणार नाही, असे ते बजावते. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यासही याच कलमाने बंदी घातली आहे. २९ मे २०१८ रोजी कायदा अमलात आला आणि दीड दशकाहून अधिक काळ चाललेल्या एका वादावर निदान कागदोपत्री पडदा पडला. मात्र भूल म्हणजे काही एकच औषध नव्हे. ती कोणती द्यावी, किती द्यावी आणि कोणी द्यावी, याविषयी कायदा मौन बाळगतो. ही उत्तरे रुग्णालयाच्या औषधभांडारात आणि भूलतज्ज्ञाच्या वेळापत्रकात शोधावी लागतात. कायद्याने दिलेले संरक्षण खरे ठरते की नाही, याचा निर्णयही तेथेच होतो.

वादाची पार्श्वभूमी

उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हा भुलीचा प्रश्नच नव्हता. विजेने येणारी आकडी इतकी जोरकस असे, की कित्येक रुग्णांच्या पाठीचे मणके मोडत. १९४० मध्ये स्नायू लुळे करण्यासाठी क्युरारेचा वापर झाला. पुढे १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन हे अल्पकाळ टिकणारे औषध आले. स्नायू लुळे पडल्याची जाणीव रुग्णाला होऊ नये, यासाठी सोबत भूल देणे अपरिहार्य झाले. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे मात्र 'डायरेक्ट' झटके अनेक ठिकाणी सुरूच राहिले.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांचा बळी गेला. त्यानंतर 'सार्थक' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत 'डायरेक्ट' झटक्यांवर बंदीची मागणीही होती. २००३ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इश्यूज इन मेडिकल एथिक्स' या नियतकालिकात यावर वाद झडला. जेथे भुलीची सोयच नाही, तेथे आत्महत्येच्या उंबरठ्यावरील रुग्णाला उपचार नाकारायचा काय, हा बंगळुरूच्या 'निम्हान्स'मधील डॉ. चित्तरंजन अँड्रेड यांच्या मांडणीचा गाभा होता. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुलीविना झटका देणे अनैतिकच असल्याची भूमिका घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये भुलीविना झटके बंद करण्याची शिफारस केली. कायद्याने अखेर हीच बाजू उचलून धरली आणि ते योग्यच झाले. परंतु सोय नाही तेथे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. ती सोय उभी करण्याची जबाबदारी व्यवस्थेवर येऊन पडली, एवढेच.

आकडी हवी, यातना नको

शस्त्रक्रियेची भूल आणि या उपचाराची भूल यांत मूलभूत फरक आहे. शस्त्रक्रियेत रुग्ण वेदनारहित आणि निश्चल राहिला, की भुलीचे काम झाले. येथे मेंदूत आकडी येणे हाच उपचार आहे आणि भुलीची बहुतेक औषधे आकडी दाबणारी आहेत. मात्रा जास्त झाली, तर आकडी येतच नाही किंवा काही सेकंदांतच विरते. मग विजेची मात्रा वाढवावी लागते आणि त्याबरोबर विस्मरणाचा त्रासही वाढतो. मात्रा कमी पडली, तर स्नायू लुळे पडलेला रुग्ण आतून जागा राहू शकतो. त्याला सर्व जाणवते, पण बोट हलवता येत नाही. जी यातना टाळण्यासाठी कायदा केला, ती वेगळ्या रूपाने परत येण्याचा हा धोका आहे.

शिवाय ही भूल एकदाच द्यायची नसते. साधारणपणे आठवड्यातून दोन ते तीन वेळा, असे सहा ते बारा झटके दिले जातात. साहजिकच औषधांतील लहानसा फरकही गुणाकाराने वाढतो. रुग्ण आधीपासून घेत असलेल्या लोराझेपामसारख्या गोळ्याही आकडी दाबतात. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचा संवाद हा येथे शिष्टाचार नसून उपचाराचाच भाग ठरतो.

औषधांचा ताळेबंद

भारतीय रुग्णालयांत थायोपेंटोनचा वापर दीर्घकाळापासून होत आला आहे. ते स्वस्त आहे. मात्र त्याच्या भुलीतून जाग येण्यास तुलनेने वेळ लागतो. दम्याच्या रुग्णांत ते जपून वापरावे लागते, तर पॉर्फिरिया या आनुवंशिक विकारात ते वर्ज्यच आहे. प्रोपोफॉलने रुग्ण लवकर शुद्धीवर येतो, झटक्यानंतर उसळणारा रक्तदाबही आटोक्यात राहतो. परंतु आकडीचा कालावधी घटतो. कोक्रेन संस्थेच्या २०१४ मधील आढाव्यात प्रोपोफॉलने आकडी लहान होत असली, तरी नैराश्य कमी होण्यात इतर औषधांच्या तुलनेत स्पष्ट फरक आढळला नाही. अर्थात उपलब्ध पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही त्यात नमूद आहे.

एटोमिडेट आकडी दाबत नाही, म्हणून आकडी पुरेशी येत नसलेल्या रुग्णांत ते उपयोगी पडते. पण त्याने रक्तदाबाची उसळी रोखली जात नाही आणि अधिवृक्क ग्रंथींचे कार्य काही काळ मंदावते. केटामाइन स्वतःच नैराश्य घटवते, म्हणून त्याविषयी मोठी आशा होती. तथापि झटक्यांच्या भुलीत त्याची अल्प मात्रा मिसळून काही लाभ होत नसल्याचे २०१७ मधील ब्रिटिश चाचणीत दिसले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मानदंड समजले जाणारे मेथोहेक्सिटल तर आपल्याकडे सहजी मिळतच नाही. औषधाची निवड केवळ शास्त्रावर ठरत नाही, ती अशी. अमेरिकेतही जानेवारी २०११ मध्ये हॉस्पिरा कंपनीने थायोपेंटोनचे उत्पादन थांबवले. ते मृत्युदंडासाठी वापरले जाणार नाही, अशी हमी इटलीतील अधिकाऱ्यांना हवी होती आणि कंपनी ती देऊ शकत नव्हती. फाशीकोठडीच्या वादाची झळ अशी शस्त्रक्रियागृहांना बसली.

'स्कोलीन' या नावाने डॉक्टरांत परिचित असलेल्या सक्सिनिलकोलीनचीही स्वतःची पथ्ये आहेत. ते शीतकपाटात ठेवावे लागते. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे त्याचा अंमल लवकर उतरत नाही आणि श्वास दीर्घकाळ बंद राहतो. कॅटाटोनियाने आठवडेच्या आठवडे ताठरून पडलेल्या रुग्णात त्याने रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणजे ज्याला या उपचाराची सर्वाधिक निकड, त्याच्याच बाबतीत नेहमीचे औषध सर्वाधिक जोखमीचे! अशा वेळी रोक्युरोनियम आणि त्याचा उतारा असलेले महागडे सुगामाडेक्स हाताशी लागते.

कागदावरचा हक्क

एवढी दक्षता घेतल्यास हा उपचार सुरक्षित ठरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार एक लाख झटक्यांमागे मृत्यूचे प्रमाण सुमारे २.१ इतके आहे. मात्र त्यासाठी भूलतज्ज्ञ, प्राणवायू, हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र आणि शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवणारी परिचारिका हवी. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. लांबच्या तालुक्यातील रुग्णाला तेथे आठवड्यातून तीनदा उपाशीपोटी आणणे कोणत्या कुटुंबाला झेपेल? जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ असला, तरी अडलेल्या बाळंतिणीच्या सिझेरियनला त्याला आधी धावावे लागते, आणि ते चूक म्हणता येणार नाही. तातडीच्या उपचाराच्या नावाखालीही कायदा झटक्यांना मुभा देत नाही. अल्पवयीन रुग्णासाठी तर पालकांच्या संमतीबरोबरच मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी लागते. हे निर्बंध आवश्यकच आहेत. पण त्यांच्या जोडीला मनुष्यबळ न दिल्यास, भुलीविना झटका मिळत होता त्याला आता उपचारच मिळणार नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. मनोविकार विभागासाठी भूलतज्ज्ञाचे ठरावीक वार राखून ठेवावेत. थायोपेंटोन, प्रोपोफॉल आणि एटोमिडेट अशी किमान तीन औषधे उपलब्ध असावीत. प्रत्येक वेळी दिलेले औषध, त्याची मात्रा आणि आकडीचा कालावधी यांची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत व्हावी. नातेवाइकांनीही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी 'भूल कोण देणार आणि कोणती?' हे विचारायला संकोच करू नये. रुग्ण तो प्रश्न विचारण्याच्या स्थितीत अनेकदा नसतो. म्हणूनच तो इतरांनी विचारला पाहिजे.