डिस्चार्ज मिळाला, बरे होणे अजून बाकी

सोमवारी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि बुधवारी डिस्चार्ज. कांदिवलीत चारकोपच्या म्हाडा वसाहतीपासून ठाकूर व्हिलेजच्या टॉवरपर्यंत हे आता इतके नेहमीचे झाले आहे, की शेजारी भेटायला येतात तेव्हा रुग्ण घरात चालत-फिरत असतो. पोटावर तीन-चार लहान पट्ट्या, हातात गोळ्यांची पिशवी आणि प्लास्टिकच्या डबीत खडे. खडे सगळे आलटून पालटून पाहतात. डिस्चार्ज कार्ड मात्र फाइलमध्ये जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. पुढच्या दोन आठवड्यांत उपयोगी पडणारी वस्तू तीच असते.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली. पुढची शंभर वर्षे पद्धत साधारण तीच राहिली: उजव्या बरगडीखाली मोठी चीर आणि वॉर्डात अनेक दिवसांचा मुक्काम. १९८५ मध्ये जर्मनीतल्या एरिश म्यूहे यांनी हे काम दुर्बिणीतून करून दाखवले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली. आज जिल्ह्याच्या गावीही ती होते. रुग्णाचे दुखणे कमी झाले, खाट लवकर मोकळी होऊ लागली, कामावर परतणे सोपे झाले.

पण चीर लहान झाली म्हणून आतले काम लहान झालेले नाही. पित्ताशय यकृतापासून सोडवावे लागते, त्याची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करावी लागते. ती जागा भरून यायला जे दिवस लागतात, ते पूर्वी रुग्ण वॉर्डात काढत असे. नर्स ताप बघत असे, पट्टी उघडून जखम बघत असे, राउंडला आलेले डॉक्टर खालची पापणी ओढून डोळे बघत असत. आता हेच दिवस घरी जातात आणि नर्सचे काम बायको, सून, मुलगा किंवा शेजारची काकू यांच्याकडे येते. त्यांना ते काम कोणी शिकवलेले नसते.

‘पित्त’ या शब्दाचा घोळ

मराठी घरात एक अडचण भाषेचीही आहे. आपल्याकडे छातीत जळजळले की ‘पित्त झाले’, डोके दुखून उलटी झाली की ‘पित्त पडले’ आणि अंगावर गांधी आल्या की ‘पित्त उठले’. यातल्या एकाचाही पित्ताशयाशी थेट संबंध नाही. जळजळ ही जठरातल्या आम्लाची असते, अंगावरच्या गांधी अॅलर्जीच्या असतात. पित्ताशयात साठते ते यकृतात तयार होणारे हिरवट-पिवळे पित्त, आणि त्याचे काम स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणे.

या घोळातून दोन चुका होतात. पित्ताशय काढले म्हणजे आता ‘पित्ताचा त्रास’ कायमचा गेला, असे समजून रुग्ण जुन्या सवयी चालू ठेवतो आणि जळजळ राहिली की शस्त्रक्रिया फसली असे म्हणतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पोट दुखू लागले, मळमळले, जेवण नकोसे झाले, की ‘पित्त वाढले असेल’ म्हणून सोडा, कोकम सरबत किंवा मेडिकलमधून आणलेली अॅसिडिटीची गोळी दिली जाते. त्यात दोन-तीन दिवस जातात. कधीकधी तेच दोन-तीन दिवस मोलाचे असतात, कारण क्लिप लावलेल्या ठिकाणाहून किंवा यकृतालगतच्या बारीक नळीतून पित्त पोटात झिरपत असेल, तर त्याची सुरुवात अशीच होते.

अशी गळती क्वचित होते. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण तर हजारात साधारण दोन ते पाच एवढेच सांगितले जाते. पण दुखणे वेळेत ओळखले, तर पोटात साठलेले पित्त नळी घालून काढता येते, तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवता येतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला की पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि साध्या शस्त्रक्रियेचा रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो.

कोणते दुखणे साधे

म्हणून घरच्यांना आधी साधे दुखणे ओळखता यायला हवे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चुरचुरतो. या पडद्याची आणि खांद्याची जाणीव मानेतल्या जवळजवळ त्याच मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते, म्हणून दुखतो तो खांदा, बहुधा उजवा. हृदयविकाराच्या धास्तीने घर हादरते. हे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते आणि घरातल्या घरात चालल्याने लवकर कमी होते. छाती दाबल्यासारखी वाटली, दम लागला किंवा घाम फुटला, तर मात्र तो गॅस समजू नये.

टाक्यांच्या जागी ओढल्यासारखे दुखणे, बेंबीजवळ थोडे काळे-निळे होणे, घशात खवखव, थकवा हे सगळे अपेक्षित आहे. महत्त्वाचे म्हणजे हे दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. काल होते त्यापेक्षा आज जास्त दुखत असेल, तर ते डॉक्टरांना कळवायचे दुखणे.

वेदनाशामक गोळी पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या वेळी घ्यावी. दुखणे डोक्यावर जाईपर्यंत थांबू नये. दुखत असले की रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि त्यातून छातीत कफ साठणे, पायात रक्ताची गुठळी होणे असे नवे त्रास उभे राहतात. खोकताना पोटावर उशी धरावी. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे चालावे. जिना चढायला हरकत नाही, सावकाश चढावा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसायलाही बहुतेकांना अडचण येत नाही, फक्त कुंथू नये.

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर साधारण ४८ तासांनंतर अंघोळ करता येते. पाणी अंगावरून जाऊ द्यावे, जखम घासू नये आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी. हळद, खोबरेल तेल, टाल्कम पावडर, राख यांपैकी काहीही टाक्यांवर लावू नये. पावसाळ्यात कपडे दमट राहतात. बेंबीजवळची जखम कोरडी राहील याकडे जास्त लक्ष द्यावे.

ताटात काय

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशयात त्यातले जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर साठते. म्हणजे पित्ताशय गेले तरी पित्त बनतच राहते, फक्त जेवणाच्या वेळी एकदम सुटण्याऐवजी ते दिवसभर थोडे थोडे आतड्यात येते. म्हणून तेल-तूप जन्मभर बंद करायची गरज नाही. पहिले दोन-चार आठवडे एका वेळी भरपूर तेलकट खाल्ले, तर पोट फुगते किंवा जुलाब होतात, इतकेच.

दुसऱ्या टोकाची चूक आपल्या घरांत जास्त दिसते. रुग्णाला पंधरा दिवस पेज, साबुदाण्याची लापशी आणि चहा-बिस्किटे यांवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात आणि या खाण्यात ती नसतात. मधुमेह असेल तर पेज-लापशीने साखर वाढते आणि जखम आणखी रेंगाळते. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळाची भाजी, दही-ताक, इडली, उकडलेले अंडे, पातळ रश्श्यातले मासे हे सगळे चालते. थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे. वडापाव, फरसाण, मिसळीची तर्री यांना महिनाभर सुट्टी द्यावी. श्रावणातला किंवा चतुर्थीचा उपास या काळात करू नये. साबुदाण्याची खिचडी हलकी वाटली तरी त्यातले तूप आणि दाण्याचे कूट हलके नसते. नंतर एकेक पदार्थ वाढवत नेहमीच्या जेवणावर यावे. काही आठवड्यांनंतरही जुलाब थांबत नसतील, तर त्यावर औषध आहे; सोसत बसू नये.

बादली, लोकल आणि बदली बाई

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक लोक आठवडा-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर परततात. पोटावर मोठी चीर घेतली असेल तर चार ते सहा आठवडे लागतात. पहिले दोन-तीन आठवडे पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये, असा साधारण सल्ला असतो. घरात हे आकडे कोणी मोजत नाही. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंची असते, भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. जिथे पाणी तासभरच येते आणि ते भरून ठेवावे लागते, तिथे ‘जड उचलू नका’ हा सल्ला घरातल्या दुसऱ्या कोणी बादली उचलली तरच पाळला जातो. तो न पाळल्यास बेंबीजवळच्या छिद्रातून हर्निया होण्याचा धोका वाढतो. सकाळी आठच्या चर्चगेट लोकलमधल्या धक्क्यांनाही हेच लागू. शक्य असेल तर दोन आठवडे गर्दीची वेळ टाळावी.

पित्ताशयाचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतात. म्हणजे शस्त्रक्रिया होऊन घरी येणारी व्यक्ती बऱ्याचदा तीच असते, जिच्याकडून घर चालवण्याची अपेक्षा असते. ‘चारच तर टाके’ असे म्हणत तिसऱ्या दिवशी ती ओट्याशी उभी राहते. कांदिवली पूर्वेला टॉवरमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आणखी अवघड. त्यांना आजारपणाची भरपगारी रजा बहुधा नसते, आणि बदली बाई लावली तर आपले काम कायमचे जाईल ही भीती असते. त्या आठव्या दिवशी वाकून लादी पुसत असतात. डॉक्टरांनी कार्डावर ‘विश्रांती’ लिहून हा प्रश्न सुटत नाही. ज्या घरांत त्या काम करतात, त्या घरांनी दोन-तीन आठवड्यांचा पगार आणि काम राखून ठेवले, तर तोही उपचाराचाच भाग ठरेल.

हे दिसले तर थांबू नये

– ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, किंवा थंडी वाजून ताप
– पोटदुखी दिवसेंदिवस वाढणे, पोट फुगून ताठ होणे
– डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका
– सारखी उलटी, पाणीही न टिकणे
– जखमेभोवती लाली व सूज वाढणे, पू किंवा हिरवट-पिवळे पाणी येणे
– एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे

यांतले एकही लक्षण दिसले तर शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे त्याच दिवशी जावे. ते शक्य नसेल तर जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. कांदिवलीकरांसाठी ते महापालिकेचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘शताब्दी’, असू शकते. रात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. डिस्चार्ज कार्ड सोबत हवेच. त्याशिवाय नव्या डॉक्टरांना पोटात काय केले आहे हे कळत नाही. कावीळ नंतर काही महिन्यांनीही होऊ शकते, कारण एखादा खडा आधीच पित्तनलिकेत उतरलेला असतो. तेव्हा पित्ताशय काढलेल्या माणसाने काविळीवर झाडपाल्याचा उपाय करत बसू नये.

आणखी एक कागद लोक विसरतात. काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवले जाते आणि त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. फार थोड्यांत त्यात कर्करोग सापडतो, आधी कोणालाही शंका नसताना. टाके निघाले, बरे वाटते, म्हणून अहवाल न्यायला कोणी येत नाही. तो आणलाच पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

रुग्णालयांनी काय करावे

घराकडून एवढी अपेक्षा ठेवायची, तर रुग्णालयांनीही काही करायला हवे. डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना इंग्रजी लघुरूपांत नकोत. त्या मराठीत आणि रुग्णाला मराठी येत नसेल तर हिंदी-गुजरातीत हव्यात. घरी काळजी घेणार आहे त्या व्यक्तीला बसवून त्या समजावून सांगाव्यात. दहा मिनिटे पुरतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रुग्णालयातून एक फोन जावा: ताप आहे का, दुखणे कमी होते आहे का, डोळे कसे दिसतात. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ वस्त्यांजवळ आहेत. जखम पाहणे आणि गरज पडल्यास रुग्णाला पुढे पाठवणे हे काम तिथे ठरवून दिले, तर टाके दाखवायला अर्धा दिवसाची मजुरी बुडणार नाही.

दुर्बिणीमुळे रुग्णालयातले जे दिवस वाचले, ते घराच्या खात्यावर टाकले गेले. त्या घरात थर्मामीटर असावा, फोन नंबर लिहिलेले कार्ड भिंतीवर लावलेले असावे आणि रोज सकाळी उजेडात कोणीतरी रुग्णाचे डोळे पाहावेत. डबीतले खडे चार दिवसांनी टाकून दिले तरी चालतील.