गावाचे बारसे

दिवाळी जवळ आली, की इतर गावांतली माणसे पंचांग उघडून नरकचतुर्दशी कोणत्या वारी येते ते पाहतात. आमच्या गल्लीत दोन पंचांगे पाहावी लागतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे नळाचे. चतुर्दशी मंगळवारी आणि नळ आदल्या शुक्रवारी असे निघाले, म्हणजे अभ्यंगस्नानाचे पाणी चार दिवस आधी पिंपात भरून ठेवायचे आणि पहाटे तेच तापवून अंगावर घ्यायचे. फराळ ताजा, उटणे ताजे. फक्त गंगा शिळी. दोन नळांमधल्या दिवसांना आमच्याकडे 'गॅप' म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण ज्या म्हातारीला सही करता येत नाही तिलाही तो येतो. "यंदा गॅप किती धरायचा, मास्तर?" असे ती मला विचारते, आणि मृगाचा पाऊस विचारावा तितक्या गंभीरपणे विचारते.

या शहराला पाणी देण्यात गॅप पडतो. नाव देण्यात मात्र फारसा कधी पडलेला नाही. मूळचे हे खडकी गाव. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने येथे शहर वसवले. १६२६ मध्ये तो वारला, आणि त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, खडकीचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले. १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत त्याला संभाजीनगर म्हटले. १९९५ मध्ये महापालिकेने तसा ठराव केला, सरकारने अधिसूचना काढली, प्रकरण कोर्टात गेले, आणि २००१ मध्ये नव्या सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. २९ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाने पुन्हा संभाजीनगर मंजूर केले. १६ जुलै २०२२ रोजी, म्हणजे सतरा दिवसांनी, दुसऱ्या मंत्रिमंडळाने त्याच्या आधी 'छत्रपती' जोडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली. मे २०२४ मध्ये हायकोर्टाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचे नावही बदलले. माणसाचे बारसे बाराव्या दिवशी एकदा होते. आमच्या गावाचे चारशे वर्षे चालूच आहे, आणि घुगऱ्या अजून संपलेल्या नाहीत.

बारसे इतके थाटाचे झाल्यावर थोडा घोळ व्हायचाच. मी राहतो छत्रपती संभाजीनगरात. पण २०२४ साली लोकसभेला मत दिले ते औरंगाबाद मतदारसंघात. विधानसभेलाही तीच तऱ्हा; औरंगाबाद पूर्व, औरंगाबाद पश्चिम, औरंगाबाद मध्य. म्हणजे माणूस घरी असला की एका गावचा, आणि मतपेटीपुढे गेला की दुसऱ्या गावचा! आणि हे नामांतर कायद्याला धरून आहे असा निर्वाळा ज्या न्यायालयाने दिला, त्याचे स्वतःचे नाव, मुंबईचे नामांतर १९९५ मध्ये होऊनही, निकालाच्या दिवशी 'बॉम्बे हायकोर्ट' हेच होते. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते असे म्हणतात. पाटी दिसली नसेल.

मध्यंतरी मी वर्गात 'आमचे शहर' या विषयावर निबंध घातला. बहुतेकांनी वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा असा क्रमाने प्रवास केला. एका पोराने मात्र लिहिले, "आमच्या शहराला बावन्न दरवाजे आहेत आणि आमच्या घराला एक नळ आहे. दरवाजे रोज उघडे असतात." एवढेच लिहून तो थांबला होता. निबंध तीस ओळींचा हवा, म्हणून मला त्याचे गुण कापावे लागले. पण ते कापताना माझा हात धजत नव्हता हे येथे कबूल करतो.

त्याच पोराला पुढे इतिहासात २०२२ साल शिकावे लागेल, आणि ते त्याला कसे समजावावे हे मला सुचत नाही. २३ मे २०२२ रोजी या शहरात पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला. त्याचे नाव 'जल आक्रोश', पुढारी देवेंद्र फडणवीस. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते. सत्तेवर उद्धव ठाकरे होते. मोर्च्याला पाच आठवडे झाले, आणि त्यांच्या सरकारने, जाता जाता, शेवटच्या बैठकीत शहराला नाव दिले. लगेच सरकार बदलले. मोर्च्याचे पुढारी उपमुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळात तेव्हा दोनच माणसे होती, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि ते. त्या दोघांनी बसून काय केले? आधीचे नाव रीतसर नव्हते म्हणून पुन्हा नाव दिले. प्रश्न पाण्याचा, एकाचे उत्तर नाव. दुसऱ्याचे उत्तर तेच, फक्त शुद्धलेखन सुधारून. परीक्षेत कोणी असे उत्तर लिहिले तर मी लाल शाईने भोपळा देतो. येथे दोघांनाही पैकीच्या पैकी मिळाले. कारण उत्तरपत्रिका तपासणारे आपण होतो.

नाव स्वस्त आणि पाणी महाग असे का, हे पाहू गेले तर सोपे आहे. नावाला एक बैठक, एक ठराव आणि रंगाऱ्याचा डबा लागतो. पाणी पैठणच्या नाथसागरातून सुमारे पन्नास किलोमीटर आणावे लागते. शहर धरणापेक्षा बरेच उंचावर, म्हणून ते टप्प्याटप्प्याने उपसून चढवावे लागते. वीज गेली की पंप थांबला; पंप थांबला की टाकी भरली नाही; टाकी भरली नाही की ज्या गल्लीचा आज नंबर तिचा उद्या, आणि उद्याच्यांचा परवा. एका ठिकाणी जलवाहिनी फुटली की सगळ्या शहराचे नळपंचांग एक घर पुढे सरकते.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. समांतर जलवाहिनी नावाची एक योजना होती. ती खाजगी कंपनीकडे सोपवली, आणि २०१६ मध्ये ते कंत्राट मोडले. मग १२ डिसेंबर २०२० रोजी १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तो आकडा २,७०० कोटींच्या वर गेला. पैठणच्या रस्त्याने जाताना त्या योजनेचे अडीच मीटर व्यासाचे नळ कडेला पडलेले मी पाहिले आहेत. उंच माणूस डोक्यावरचा पटका न काढता त्यातून चालत जाईल. मुदती मात्र त्यातून केव्हा निघून गेल्या कळले नाही. मधल्या काळात, २०२२ साली, वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून निम्म्यावर आणली गेली. पाणी वाढवता येत नसेल तर पट्टी कमी करावी, हा हिशेब चोख आहे. या न्यायाने शाळेत मास्तर नसला की फी माफ करावी, पोर शहाणे होईल.

धरणात पाणी नाही म्हणावे तर तेही नाही. सुमारे १०२ टीएमसीचे हे धरण; १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दरवाजे उघडून सेकंदाला लाखो घनफूट पाणी गोदावरीत सोडावे लागले. पैठणची माणसे घरे सोडून उंचावर गेली. खाली महापूर आणि वर रिकामी घागर! या जलाशयाला एकनाथ महाराजांचे नाव दिले आहे. रामेश्वराला वाहायची कावड नाथांनी वाटेत तहानेल्या गाढवाच्या मुखात ओतली, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. हल्ली सांगताना जरा अडखळतो. पोरे विचारतील, की मास्तर, त्या गाढवाचा नंबर कितव्या दिवशी होता?

आणि आता चारशे वर्षांपूर्वीचा तो मलिक अंबर पाहा. हबशी माणूस, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे वजीर झाला. त्याने खडकीला शहर वसवले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालून नहरीने गावात आणले. वीज नाही, पंप नाही. उताराचे गणित, दगडचुन्याचे बोगदे, आणि हवा मोकळी व्हायला जागोजाग मनोरे. ती नहर शेकडो वर्षे चालली. पुढे पाणचक्कीला अशाच युक्तीने डोंगरातले पाणी खापरी नळांतून आणून त्यावर जाते फिरवले गेले. पण एक गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. ज्याने पाणी आणले, त्याने गावाचे नाव बदलले नाही. अंबराबाद केले असते तर कोण आडवे येणार होते? तो असेपर्यंत गाव खडकीच राहिले. बारशाची हौस ज्यांना पाणी आयते मिळाले त्यांना आली.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, तुमचा नावालाच विरोध दिसतो." तसे नाही. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना ज्या क्रौर्याने मारले ते मी शाळेत शिकवतो. त्या राजाचे नाव गावाला असावे असे कोणाला वाटले तर त्यात मला वावगे दिसत नाही. ज्यांच्या आजोबांच्या आठवणी आणि पोरांचे दाखले जुन्या नावाने आहेत, त्यांना ते सोडताना वाईट वाटले तर त्यातही मला देशद्रोह दिसत नाही. आणि नाव म्हणजे काहीच नव्हे असे म्हणण्याचा अधिकार तर या शहरात कोणालाच नाही. येथल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात माणसे मारली गेली, दलितांची घरे जाळली गेली. ते नाव मागणारे पाटी मागत नव्हते, बरोबरीची जागा मागत होते. पण ज्यांचे ते नाव, त्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला काय केले? चवदार तळ्याचे नाव बदला, असे ते म्हणाले नाहीत. ते पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यांचे नाव मोठे झाले ते त्या ओंजळीने.

माझे म्हणणे एवढेच आहे, की नाव हे पाण्याबद्दल देण्याचे नाणे नव्हे, आणि आपण ते घेता कामा नये. घरात बारसे असले, की शेजारच्या म्हाताऱ्या आत येऊन आधी पाळण्याकडे जात नाहीत. बाळंतिणीजवळ बसून हळूच विचारतात, "अंगावर दूध आहे ना गं?" मग नाव. आपल्या गावाच्या बारशाला आपण सगळे गेलो. कोणी पेढे वाटले, कोणी उपोषणाला बसले. दूध आहे का हे विचारणारी एक म्हातारी काही निघाली नाही. नावासाठी आपण रस्त्यावर उतरलो; पाण्यासाठी टँकरवाल्याला फोन केला. पुढारी हा दुकानदार असतो. गिऱ्हाईक जो माल हसत घेते, तोच तो पुन्हा मांडतो.

आमच्या गल्लीत समोर अण्णा राहतात. ते नवे नाव न चुकता 'छत्रपती'सह उच्चारतात. शेजारी चाचा, त्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. या नावावरून दोघांचे भांडण झालेले मी कधी ऐकलेले नाही. भांडण होते ते मोटारीवरून. "चाचा, तुमची मोटार आमचं पाणी ओढते!" "अरे अण्णा, आपकी तो दो घोडे की है!" रात्री अडीच वाजता, लुंगीवर आणि धोतरावर. आणि सकाळी दोघे आपापल्या वर्तमानपत्रात नावाची बातमी आधी वाचतात.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी कोणी हात जोडून दारात आला आणि गावाच्या, गल्लीच्या, चौकाच्या, स्टेशनच्या नावाविषयी बोलू लागला, तर त्याला बसवावे, गूळपाणी द्यावे, पाणी कितव्या दिवसाचे आहे ते सांगावे, आणि विचारावे, "आमचा गॅप किती?" त्याने आकडा सांगितला तर तो वहीत लिहून घ्यावा, खाली तारीख टाकावी, आणि पुढच्या निवडणुकीत वही घेऊन जावे. एवढे अण्णांनी आणि चाचांनी एकत्र केले, तरी पुरे.

आणखी लिहायचे होते. पण समोर मोटारीचा आवाज सुरू झाला आहे, चाचा भिंतीवर थापा मारीत आहेत, आणि घरातून हाक आली आहे. पाणी आले आहे. ते काही संपादकांइतके थांबणारे नव्हे.