बँकेची वेळ झाली होती म्हणे!

मंडळी, इंदूरच्या आपल्या वाड्यांतल्या गणपतीच्या आणि फराळाच्या आठवणी सगळेच लिहितात. मी आज जरा लाजिरवाणी लिहितो.

साल १९९१. सकाळी आठच्या सुमारास समोरच्या बिऱ्हाडात पोलीस आले, हातात कोर्टाचं सर्च वॉरंट. थोरल्या मुलाच्या धंद्यातल्या हिशेबाचं काही प्रकरण होतं. टीआय साहेब चौकात उभे राहून म्हणाले, "दो गवाह चाहिए, यहीं के." धडाधड दारं लागली. मी शर्टाची बटणं लावत सांगितलं, "बैंक का टाइम हो गया." बँक साडेदहाला उघडायची!

शेवटी पानठेल्यावरून दोन माणसं धरून आणली. आत काय निघालं, काय लिहिलं, कोणी पाहिलं? काकू शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, पाटल्या दोन होत्या, यादीत एकच आली. खरं काय ते सांगू शकणारे आम्ही कड्या लावून बसलो होतो.

"सभ्य माणसाने त्या भानगडीत पडू नये", हे आपलं ब्रीद. अहो, कायद्यालाच सभ्य माणूस हवा आहे! झडतीला त्याच वस्तीतले दोन तरी स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच हवेत, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १०० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्येही आहे. घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं, जप्तीच्या यादीची नक्कल मिळते. कोर्टाच्या चकरांची भीती म्हणाल, तर कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला जावं लागत नाही. उलट लेखी हुकूम देऊन बोलावल्यावर विनाकारण नकार देणं हाच गुन्हा. आता झडतीचं मोबाईलवर चित्रीकरणही करायचं असतं. पण कॅमेरा काही शेजारी नव्हे.

मी जन्मभर सही, तारीख पाहून चेक पास केले. वॉरंटही तसंच पाहावं: लेखी, मॅजिस्ट्रेटची सही, कोर्टाचा शिक्का. फरक इतकाच की चेक तीन महिन्यांत शिळा होतो, अटकेचं वॉरंट मात्र बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. त्यावर जामिनाचा शेरा असेल तर तेवढा जामीन देऊन माणूस सुटतो. (गंभीर गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवायही धरतात, पण चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं.)

हे आपण कधी वाचलंच नाही. वॉरंट म्हणजे अब्रू गेली, एवढंच शिकलो. म्हणून तर माझ्याच वयाचे एक निवृत्त गृहस्थ गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वॉरंट बघून दोन दिवस खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून राहिले आणि एफडी मोडून पैसे पाठवले. 'डिजिटल अरेस्ट' असलं काही कायद्यात नाहीच. १९३० ला फोन करायचा होता, शेजाऱ्याला हाक मारायची होती. विचारलं तर म्हणाले, "चार लोकांना कळलं असतं ना!"

काकू आता नाहीत. धाकटा मुलगा लग्नाकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो. पाटलीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.