ताईंचा दुसरा अध्याय

महाविद्यालयात मराठीला दोन-तीन प्राध्यापक असतात, इतिहासाला असतात. ग्रंथपाल मात्र एकटा. प्राध्यापकाला लेख लिहिताना अडले तर शेजारच्या खुर्चीत विचारायला माणूस आहे. ग्रंथपालाने कुणाला विचारावे? म्हणून आम्ही सात-आठ ग्रंथपाल दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत जमतो. त्रिसरण-पंचशील झाले की डबे कोपऱ्यात ठेवायचे आणि लिहिलेले कागद बाहेर काढायचे. दोनच पाने आणायची. ऐकणाऱ्याने आधी आपल्याला काय कळले ते सांगायचे, दोष मागाहून. शुद्धलेखन तर सर्वांत शेवटी.

आमच्यातल्या एका ताईंनी पीएच.डी.साठी आपल्या जुन्या नियतकालिकांची विषयसूची करायला घेतली होती. 'मूकनायक' १९२० चे, 'बहिष्कृत भारत' १९२७ चे, 'जनता' १९३० चे, 'प्रबुद्ध भारत' १९५६ चे. कुठे फाईल पूर्ण, कुठे अंकाचे अर्धेच पान. हजारभर नोंदी झाल्यावर त्यांना कुणी जाणकाराने सुनावले, "हे कारकुनी काम झाले, संशोधन नव्हे." ताईंनी नोंदींची खोकी कपाटावर टाकली आणि रविवारी येणे बंद केले.

तिसऱ्या महिन्यात आम्हीच त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. ताई म्हणाल्या, "खरंच आहे ते. मी नुसत्या नोंदी करते."

आमच्यातल्या एका भाऊंनी खोके उघडले आणि विचारले, "ताई, ही परिषदेची बातमी तुम्ही 'अस्पृश्य' या शीर्षकाखाली घातली, आणि ही 'बहिष्कृत' खाली. का?"

ताई म्हणाल्या, "अंकात तसंच छापलंय म्हणून."

"मग १९५६ नंतरची?"

"ती 'बौद्ध' खाली. माणसं तीच, गाव तेच, पण नाव आपण बदललं ना! आजची मुलगी शोधायला आली तर ती कोणत्या शब्दाखाली बघेल, या विचारानं मी रात्र-रात्र बसलेय."

भाऊ म्हणाले, "हेच लिहा. हाच तुमचा दुसरा अध्याय."

ग्रंथालयाच्या सूचीत आपल्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे आजवर बहुतेक परक्यांनीच ठरवले. ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत पुढे बौद्ध धर्माला २९४.३ हा अंक मिळाला. त्यात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बसवताना आमची आजही ओढाताण होते. हे काम आमच्या माणसाने नाही केले तर कोण करणार?

सगळेच असे गोड झाले नाही. एका बंधूंना पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या मासिकाचे पत्र आले. बढतीची घाई होती. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा पारख आता ज्याची त्यानेच करायची. हे फसवे आहे असे आम्ही सर्वांसमोर सांगितले. त्यांना ते लागले. त्यांनी पैसे भरले आणि नंतर ते आलेच नाहीत. आमचेही चुकले. ही गोष्ट एकट्याला बाजूला घेऊन सांगायची असते.

कल्याणमित्र म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, असे आनंद म्हणाले तेव्हा तथागतांनी ते संपूर्णच आहे असे सांगितले. पण कल्याणमित्राने तोंडावर "हे पान फाडून टाका" म्हणावे की नाही, यावर आमच्यात अजून वाद चालतो.

ताईंचा प्रबंध अजून पुरा व्हायचा आहे. येत्या दुसऱ्या रविवारी त्या तिसऱ्या अध्यायाची दोन पाने आणणार आहेत. 'जनता'चे मधले काही अंक त्यांना मिळत नाहीत. कुणाच्या आजोबांच्या पेटीत असतील तर रद्दीत घालू नका, विहारात निरोप द्या. आम्ही घरी येऊन, तुमच्यासमोर बसून नोंदी उतरवून घेऊ. अंक तुमच्याकडेच राहतील.