तेल, पाणी आणि ऊन

दोस्तांनो, या आठवड्याच्या प्रयोगाला घट्ट झाकणाची एक काचेची बाटली लागेल. तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी आणि वर चार चमचे गोडेतेल घाला. आईला विचारून बरं का, तेल महाग आहे! आता पाहा, तेल आणि पाणी एकमेकांना कुठं भेटतात? फक्त मधल्या एका पातळीवर. झाकण लावून बाटली जोरात हलवा. आता तेलाचे बारीक थेंब सगळीकडं पसरले आणि प्रत्येक थेंबाभोवती दोघांची भेट झाली. बाटली बाजूला ठेवा, तोवर पुढचं वाचू.

घराच्या छपरावर, शेतात पंपाशेजारी निळसर-काळी सौरपॅनेल तुम्ही पाहिली असतील. ती सिलिकॉनची. पण प्लॅस्टिकच्या भावकीतल्या पदार्थांपासूनही सौरघट बनतात. त्यांना सेंद्रिय सौरघट म्हणतात. सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे हं! रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. या पदार्थांची शाई करून ती पातळ फिल्मवर वर्तमानपत्रासारखी छापता येते. असा घट वजनाला हलका असतो आणि चटईसारखा गुंडाळताही येतो.

मग अडचण कुठं आहे? ऊन पडलं की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागं रिकामी जागा राहते. सिलिकॉनमध्ये हे दोघं सहज वेगळे होतात. सेंद्रिय पदार्थात मात्र त्यांची जोडी सुटत नाही. तिला एक्सायटॉन म्हणतात. ती फोडायला शेजारी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ लागतो. आणि ही जोडी जेमतेम १० नॅनोमीटर चालते! (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) तेवढ्यात दुसरा पदार्थ भेटला नाही, तर ऊन वाया. इकडं ऊन नीट शोषायला थर मात्र साधारण १०० नॅनोमीटर जाड हवा. म्हणजे गळका हंडा दहा पावलांत रिकामा होतो आणि रांजण शंभर पावलांवर!

१९८६ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत चिंग टांग यांनी दोन पदार्थांचे थर एकावर एक ठेवले. कार्यक्षमता सुमारे १ टक्का. शंभर भाग उन्हातून एक भाग वीज. ही आपली न हलवलेली बाटली! १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ॲलन हीगर यांच्या गटानं दोन्ही पदार्थ एकत्र कालवले. रांजण घरोघरी आले म्हणा ना. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधासाठी याच हीगर यांना २००० साली दोघा सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं.

पण नुसतं कालवून भागत नाही. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एका पदार्थातून आणि रिकाम्या जागेला दुसऱ्यातून बाहेर पडायला सलग वाट हवी. पाण्यात एकटा पडलेला तेलाचा थेंब म्हणजे बेटच. तिथं इलेक्ट्रॉन अडकला की अडकला. मिश्रण भरड झालं तर जोडी वाटेतच संपते, फार बारीक झालं तर वाटा तुटतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून पाहा. शेजार जवळचा, आणि प्रत्येक बोटाला आपल्या तळहातापर्यंत वाट! अशी रचना हवी.

रचनेची ताकद किती? २००७ मध्ये हीगर यांच्याच गटानं एका मिश्रणाच्या द्रावणात दुसऱ्या रसायनाचा अगदी थोडा अंश घातला. ते सावकाश उडून जातं, तेवढ्या वेळात रेणू नीट जागा धरतात. कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेली. वीज देणारे पदार्थ तेच होते. बदलली ती त्यांची आतली मांडणी. २०१९ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी 'वाय सिक्स' नावाचा नवा रेणू वापरून १५.७ टक्के गाठले. आता प्रयोगशाळेतले छोटे घट २० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत. आपल्याकडं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा पदार्थांवर संशोधन होतं.

आता बाटलीकडं पाहा. तेल पुन्हा वर आलं ना? या घटांचंही काहीसं असंच होतं. उष्णतेनं आणि काळानं आतली गुंफण विस्कटते. हवा आणि ओलावाही त्यांना बाधतात. सिलिकॉनचं पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, तेवढं हे टिकत नाहीत. म्हणून ते अजून आपल्या छपरावर आलेले नाहीत.

आमच्या तिसगावच्या आसपासची, पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. बरोबर मुलंही जातात. फडाशेजारच्या कोपीवर काचेचं जड पॅनेल कसं बसवणार? पण गुंडाळून गाडीत टाकता येईल असा टिकाऊ घट निघाला, तर कोपीतही रात्री पुस्तक उघडता येईल. ती गुंफण टिकवण्याचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. कोण जाणे, तुमच्यापैकीच कुणी ते सोडवेल!

जाता जाता एक प्रश्न. त्याच बाटलीत चिमूटभर साबणाचा चुरा टाकून पुन्हा हलवा. आता थेंब किती वेळ टिकतात? आणि तसे सुटे थेंब आपल्या सौरघटाला चालतील का? कारणासह पत्रानं कळवा. उत्तर पुढच्या अंकात!