मत्स्यबीज केंद्राची नोंदवही संगणकावर जातेय, आपली मुलं तयार आहेत का?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मच्छीमार, मत्स्यशेतकरी आणि विक्रेत्यांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. दोन्ही बातम्या आल्या आणि गेल्या. आपल्या घरांमध्ये त्यावर फारशी चर्चा झाली नाही. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या बंदरांवर दालदी आणि इतर मुस्लिम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगत आहेत. म्हणून ही चर्चा आपल्याकडे व्हायला हवी.

समुद्रातली मासळी बेभरवशाची झाली, तसा भर मत्स्यशेतीवर आला. मत्स्यशेतीचा पाया म्हणजे बीज. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात कार्प माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज केंद्रात तयार होऊ लागलं ते त्यानंतर. अंड्यातून पिल्लं साधारण १४ ते १८ तासांत बाहेर येतात. तिसऱ्या दिवसापासून त्यांना खाद्य लागतं. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली या प्रत्येक पायरीवर पाण्याचं तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया यांवर लक्ष ठेवावं लागतं. रात्री प्राणवायू उतरला आणि कुणाला कळलं नाही, तर सकाळी टाकी रिकामी!

आजवर हे सगळं वहीत लिहिलं जायचं, नाहीतर जुन्या कामगाराच्या डोक्यात असायचं. मोजणी कपाने. नर-मादी कोणत्या तळ्यातून आले, मागच्या हंगामात कोणाची जोडी लावली, याचा पत्ता नसतो. त्याच त्या माशांपासून वर्षानुवर्षं बीज घेतलं की नात्यातच प्रजनन होतं आणि वाढ खुंटते. नुकसान शेवटी त्या शेतकऱ्याचं, ज्याने उधारी करून बोटुकली विकत घेतली.

कोळंबीत तर नोंदीशिवाय चालतच नाही. २००९ मध्ये भारतात वनामेई कोळंबीला परवानगी मिळाली. तिचे रोगमुक्त जनक परदेशातून येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासले जातात आणि मगच नोंदणीकृत बीज केंद्रांना मिळतात. अमेरिकेने २०१८ च्या अखेरीपासून आयात कोळंबीचा माग मागायला सुरुवात केली, म्हणजे माल कोणत्या तळ्यातला, कोणाचा, हे कागदावर दाखवावं लागतं. युरोपात प्रतिजैविकांचा अंश सापडला की माल परत येतो. त्यामुळे बीज केंद्रात कोणत्या टाकीत कोणतं औषध कधी टाकलं, ही नोंदही महत्त्वाची ठरते.

इथेच नव्या कामाची जागा आहे. टाकीतल्या सेन्सरची माहिती गोळा करणं, प्रत्येक घाण्याला क्रमांक देणं, जनक माशांची वंशावळ ठेवणं, जगण्याचं प्रमाण काढणं, मोबाईलवर धोक्याची सूचना पाठवणारं सॉफ्टवेअर चालवणं. यासाठी मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही. एक्सेल नीट यावं, डेटाबेसची भाषा एसक्यूएल यावी, थोडं पायथन यावं. पण त्याआधी मासा कळला पाहिजे. मासा न कळणाऱ्या संगणकवाल्याला चुकीचा आकडा समोर असूनही दिसत नाही.

शिक्षणाची सोय दूर नाही. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची मत्स्यविज्ञान पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला, तसंच नागपूर आणि उदगीरला घेता येते. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. मुलींसाठीही हा मार्ग मोकळा आहे. समुद्रात बोटीवर जाण्याची अट इथे नाही. स्वतःचं केंद्र काढायचं असेल, तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना प्रकल्प खर्चाच्या ६० टक्के, सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे.

पण खोटी आशाही नको. कोळंबीची मोठी बीज केंद्रं आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत. फक्त सॉफ्टवेअर सांभाळायला वेगळा माणूस ठेवणारी केंद्रं थोडी. सुरुवातीला टाकी धुणं, खाद्य टाकणं आणि आकडे भरणं, तिन्ही एकाच माणसाला करावं लागेल. पगारही आखाती नोकरीसारखा दिसणार नाही. मात्र ज्याच्या हातात दोन-तीन हंगामांचा अनुभव आणि स्वच्छ नोंदी आहेत, त्याला आखातातही दार उघडं होऊ शकतं. सौदीत लाल समुद्राच्या काठी अल-लिथला कोळंबीची मोठी शेती उभी आहे. हेल्परच्या व्हिसावर जाणं आणि तंत्रज्ञ म्हणून जाणं, यातला फरक आपल्या घरांना सांगायची गरज नाही.

कुरआनने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला शिकवलं. लेखनाला आणि साक्षीला आपल्या दीनमध्ये एवढं महत्त्व आहे. बीज विकताना संख्या कमी भरणं किंवा औषधाची नोंद दडवणं ही अमानतीत खयानत आहे, मग ती वहीत असो की संगणकावर.

जमातींनी आणि शिक्षण संस्थांनी बारावीच्या निकालाआधीच विज्ञान शाखेच्या मुला-मुलींना एकदा जवळच्या मत्स्यबीज केंद्रात न्यावं. खर्च एका एसटी प्रवासाचा. पालकांनीही सोबत जावं, कारण ‘आम्ही केलं ते पोरांनी करू नये’ हे वाक्य बंदरावर रोज ऐकू येतं. धंदा तोच ठेवून काम बदलता येतं, हे त्यांनीही डोळ्यांनी पाहिलेलं बरं.