पोलादाचा कर सहा महिन्यांत उठतो, कांद्याचा का नाही?

डोलवीच्या धरमतर खाडीत कोळशाचे, खनिजाचे बार्ज येतच राहतात. या खारेपाटाची ओळख भाताची होती; आज डोलवी म्हटले की पोलाद आठवते. मग इथल्या भीमसैनिकाने लासलगावच्या कांद्याची आणि ढाक्याच्या बाजाराची काळजी कशाला करायची, असे आम्हाला विचारतात. उत्तर तारखांच्या साध्या हिशेबात आहे.

22 मे 2022 पासून केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावले. 19 नोव्हेंबरला ते उठले. सहा महिनेही भरले नाहीत.

आता कांदा बघा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क. 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरात ते 20 टक्क्यांवर आले आणि पूर्ण उठायला 1 एप्रिल 2025 उजाडला. म्हणजे साडेएकोणीस महिने! मधल्या काळात, एप्रिल 2024 मध्ये, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट करून दिली. आमच्याच जिल्ह्यातल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या आदेशात त्याचे नाव नव्हते. भांडवलदाराचे गाऱ्हाणे दिल्लीला लगेच ऐकू येते. शेतकऱ्याचे ऐकायला तिला दोन हंगाम लागतात.

या धरसोडीची झळ सीमेपलीकडेही बसते. 29 सप्टेंबर 2019 ला अचानक बंदी आली. काही दिवसांत शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या की, स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे. पुढच्या वेळी आधी कळवा. सभागृह हसले. पण ढाक्यात कांदा किलोमागे 200 टक्यांच्या वर गेला, विमानाने मागवावा लागला. तिथला रिक्षावाला, कपडे शिवणारी कामगार बाई हसली नसेल. तरी सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा तेच झाले. शेजाऱ्याने मग दुसरीकडे कांदा शोधला तर दोष कुणाचा?

आणि हा शेजारी आपल्याला परका नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांची घटना समितीची दारे मुंबई प्रांतात बंद झाली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालचा नमोशूद्र समाज पुढे आला. त्या जोगेंद्रनाथांचे बारिसाल आज बांगलादेशात आहे.

आमचेच काही मित्र म्हणतात, कांदा स्वस्त झाला तर वस्तीतल्या बाईचे भलेच होते. ही लढाई बागायतदारांची. हा प्रश्न टाळता येणार नाही. वस्तीला स्वस्त कांदा हवाच. पण बाजार समितीत भाव पडतो तेवढा तो किरकोळ दुकानात उतरत नाही. मधले मधल्यांच्या खिशात जाते. आणि शेतकऱ्याच्या हाती काही उरले नाही की पहिली कात्री मजुरीला लागते. लावणी-काढणीला वाकणारी भूमिहीन दलित, आदिवासी बाई ग्राहक म्हणून चार रुपये वाचवते आणि मजूर म्हणून रोज गमावते. नुकसानभरपाईच्या यादीत तिचे नाव नसते, कारण तिच्या नावावर सातबारा नाही.

याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी 1933 ते 1939 संप केला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1937 मध्ये खोतीविरोधी विधेयक आणले, जानेवारी 1938 मध्ये मुंबईत कुळांचा मोर्चा काढला. ती कुळे बहुतेक आगरी, कुणबी होती. हा प्रश्न आपल्या जातीचा नाही, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. मग आपण कसे म्हणणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगामात बदलू नका. शेजारी देशांशी दरवर्षीच्या ठरलेल्या प्रमाणाचे करार करा. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने रास्त भावाने विकत घेऊन रेशनवर द्यावा, शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे. आणि बंदीची भरपाई मजुरालाही द्या.

मित्रांनो, पुढची बंदी येईल तेव्हा मोर्चात निळा झेंडा दिसला पाहिजे, आणि त्याखाली मजुराची मागणी पहिली असली पाहिजे.

जय भीम!